चौकटीखालची ओळ

कात्री जागेवर नव्हती. मशीनच्या उजव्या हाताला, खिडकीच्या फळीवर, खडूच्या डबीशेजारी तिची जागा ठरलेली होती आणि गेल्या तीन वर्षांत ती तिथून हललेली नव्हती. इमामनं आधी फळी चाचपली, मग पाचगणीच्या शाळेच्या कोटांचा गठ्ठा उचलून पाहिला, मग मशीनखाली वाकला. वाकल्याबरोबर नाकातून पाणी गळलं आणि खुब्यातल्या जुन्या जखमेपासून टाचेपर्यंत कळ गेली. मे महिन्याचं ऊन सांगलीच्या पत्र्यांवर तडतडत होतं आणि ह्याच्या अंगावर थंडीचा काटा होता. कालपासून जांभयांवर जांभया येत होत्या आणि झोपेचा पत्ता नव्हता. बरं, मोठी कात्री गेली ती गेली, काजं कापायची बारकीही नव्हती. उसवायचं पातंसुद्धा नव्हतं. चोर कितीही अडाणी असला तरी उसवायचं पातं कशाला नेईल? हा प्रश्न त्यानं स्वतःला अगदी सरळ विचारला. उत्तरही तितक्याच सरळ आलं, तसा तो स्टुलावर मटकन बसला. चोर घरातच होता. आतल्या खोलीत चुलीपुढं भाकरी थापत होता आणि आज थापण्याचा आवाज जरा जास्तच मोठा येत होता.

आपल्याला कात्री दिसू नये असं मदिनाबीला वाटतं, म्हणजे तिला काय वाटतं हे त्याला कळलं. आणि त्याला राग आला. भीती नाही, लाज नाही, आधी राग. टेलरची कात्री म्हणजे काय चीज असते हे टेलरच्या बायकोला सांगावं लागतं? दुसऱ्याच्या हातात तो ती देत नसे, कागद कापायला तर सख्ख्या मुलीला, परवीनलाही नाही. लढाईत, इटलीच्या चिखलात, पलटणीच्या मागं दोन कोस तंबू ठोकून त्यानं हीच कात्री चालवली होती. साहेबांचे कोट, जवानांच्या पाटलोणी, मेलेल्यांची घोंगडी, सगळं तिच्याखालून गेलं. आणि आज ह्या बाईनं ती पळवली. पण रागाच्या खाली दुसरं काहीतरी हळूच हललं. चार दिवसांमागं साताऱ्याहून परतताना, कोरेगावच्या फलाटावर गाडीची वाट बघत असताना, आपण हिला काय म्हणालो? ‘मशीन इकू नगंस. परवीनला शिकीव.’ एवढंच. पाणी पिताना बोलावं तसं बोललो होतो. त्यावर ती पदरानं फलाटावरची जागा झाडून पुन्हा तिथंच बसली होती. बायका ऐकून घेतात तेव्हा सगळंच ऐकून घेतात, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

तो आत गेला. घरात दोघं दखनी बोलत, भांडण मात्र नेहमी गावच्या मराठीत व्हायचं.

“कात्री कुटं हाय?”

“न्हाई म्हाईत.”

“मदिना, माझं डोस्कं फिरवू नगंस. गिऱ्हाईकाचं काम पडलंय.”

“पडू द्या.” तिनं तव्यावरची भाकरी उलटली. “शेजारी ठिवलीया. कुणाच्यात ते इचारू नगा. सांगायची न्हाई.”

“मी काय येडा झालोय व्हय?”

“येडं न्हाई झाला. तुमी मरायचं बोलताय.” तिनं मान वर केली. डोळे धुरानं लाल झाले होते, किंवा धुरानं नसतील. “आवं, मी काय आज लगीन करून आलीया? तुमी परवीनला मशीन दिऊन मोकळं झाला. मला काय दिलंसा?”

भांडणात अडकलं की पुरुष जे करतात ते त्यानं केलं. टोपी डोक्यावर ठेवली आणि चालायला लागला. मागून तिनं “कुटं निगाला?” म्हणून विचारलं, तेही त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं.

हळदीच्या वखारींवरून जाताना वारा पिवळा लागत होता. एरवी ह्या वासाची त्याला सवय होती, आज मात्र त्यानं नाकावर हात धरला. पायांच्या नळ्यांत कुणी दोरा भरून ओढत होतं. एक बाटली, फक्त एक घोट, आणि हे सगळं थांबेल हे शरीराला पाठ होतं. शरीर फार हुशार असतं. बापाचं नाव विसरेल, पण कुठल्या औषधानं बरं वाटलं ते विसरत नाही. पहिल्यांदा बरं वाटलं ते त्या तंबूत. जतच्या बिराप्पाला नाईकाची बढती मिळाली होती आणि त्याच्या बाहीवर इमाम फीत शिवत होता. बिराप्पा कानडीत काहीतरी म्हणून हसला आणि त्याच वेळी गोळा पडला. पुढचं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की खुब्यात आग होती, कुणीतरी दंडात सुई टोचली आणि आग दूर, दुसऱ्या कुणाच्या तरी अंगात गेली. बिराप्पा वाचला नाही, हे त्याला आठ दिवसांनी सांगितलं. त्या आठ दिवसांत इमाम बिराप्पाची उरलेली अर्धी फीत मनातल्या मनात शिवत होता, आणि खरं सांगायचं तर सुखात होता. ते सुख त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. मित्र शेजारी मरून पडला असताना आपल्याला सुख झालं, हे सांगायचं तरी कुणाला?

पुण्याच्या मिलिटरी दवाखान्यातून सुटताना डॉक्टरसाहेबानं एक चिठ्ठी दिली होती. इंग्रजी, वर मुकुटाचा छाप, खाली गोल शिक्का, झोकदार सही. चिठ्ठी घेऊन तो कोरेगावला सासऱ्यांकडं उतरला आणि तिथंच सगळ्याचा घोटाळा झाला. सासरे महंमदभाई बाजारपेठेत तसबिरी मढवायचे. त्या काळी आसपासच्या गावांतून घरटी एक पोरगा पलटणीत होता आणि पलटणीतून आलेला प्रत्येक शिक्क्याचा कागद महंमदभाईंच्या दुकानातून काचेखाली जाऊन भिंतीवर चढायचा. वाचायचं कुणी नाही. मुकुट दिसला, शिक्का दिसला, की ती शाबासकीच असणार. जावयाचा कागद तर त्यांनी रात्र घालवून मढवला. मागं पुठ्ठा खळीनं चिकटवला, बारीक खिळे ठोकले आणि कागद जरा लांब होता म्हणून खालची कड चौकटीच्या पट्टीखाली सारून दिली. सगळ्या आळीला बोलावून चहा पाजला. “आमच्या जावयाची बहादुरी हाय ही,” असं ते काचेवर बोट ठेवून सांगत. पुढं खुब्यात कळा सुरू झाल्या तेव्हा शाळेतल्या मास्तरांना बोलावलं. मास्तर चष्मा पुसत म्हणाले, अहो, ही बहादुरी नाही, हे औषध आहे. पण महंमदभाई हार मानणारे नव्हते. ते म्हणाले, “मग औषिद बी सरकारनंच लिवलंय न्हवं? काडायचं न्हाई त्येला. असंच न्यायचं.”

आणि तसंच नेलं, तीन वर्षं. सांगलीत दुकान टाकल्यावर दर आठवड्याला तो ती तसबीर धुवट पिशवीत घालून दवाखान्यात घेऊन जायचा, काखेत दाबून, शाळेत पाटी न्यावी तशी. संस्थानचा दवाखाना होता, जुने डॉक्टर भले गृहस्थ होते. पहिल्यांदा ते खळखळून हसले, मग काचेतून वाचून गंभीर झाले. मिलिटरीच्या डॉक्टरनं लिहिलंय म्हणजे विचार करूनच लिहिलं असणार, असं म्हणून त्यांनी अफूच्या अर्काचं मिक्श्चर लिहून दिलं. कंपाउंडर गुंडा बाटली भरायचा, बाटलीला कातरलेल्या कागदाची पट्टी डकवायचा, एक खूण म्हणजे एक वेळ. पुढं पुढं इमाम दोन खुणा एका वेळी घेऊ लागला, गुंडाही पट्टीची कातर रुंद करू लागला आणि दोघंही ह्यावर बोलले नाहीत. कडू औषध घशाखाली उतरलं की सुई सरळ चालायची, शिलाई दोऱ्याइतकी बारीक यायची, गिऱ्हाईक म्हणायचं हात लागावा तर इमामचा. त्याच्या हाताची कीर्ती त्या बाटलीत होती. हेही त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही.

मग अठ्ठेचाळीसच्या फेब्रुवारीत गावात जाळपोळ झाली, त्यात डॉक्टरांचं घर गेलं, आणि ते बायकामुलं घेऊन पुण्याकडं निघून गेले. मार्चात संस्थान विलीन झालं. दवाखान्यात नवे डॉक्टर आले, कोवळे, मिशी नुकतीच ठेवलेली, टेबलावर नियमांचं जाड पुस्तक. त्यांना तसबिरीचं कौतुक वाटलं नाही. त्यांना चिठ्ठीची तारीख हवी होती आणि तारीख पट्टीखाली गेली होती. त्यांनी गुंडाकडून पक्कड मागवली. खिळे निघताना इमामला आपल्या अंगातलंच काही उपटल्यासारखं झालं. पुठ्ठा सुटला, चिठ्ठी बाहेर आली, खालची कड तीन वर्षांनी उजेडात आली. तारखेच्या वर एक ओळ होती. डॉक्टरांनी ती आधी मनात वाचली, मग त्याच्याकडं पाहिलं, मग मराठीत सांगितली. फक्त चौदा दिवस द्यावे. नंतर बंद करावे.

इमाम हसला होता. खरंच हसला, बाकावरची माणसं वळून बघायला लागली एवढा. चौदा दिवस! त्या पट्टीची रुंदी अर्धं बोट. सासऱ्यांनी प्रेमानं ठोकलेली सागवानाची अर्ध्या बोटाची पट्टी, आणि तिच्याखाली त्याची तीन वर्षं निजलेली. कुणावर रागवायचं? महंमदभाईंवर? ते ऐकल्यापासून म्हाताऱ्यानं दुकान उघडलेलं नाही, भिंतींकडं बघत बसतो म्हणे. जुन्या डॉक्टरांवर? त्यांचं तर घरच राहिलं नाही. नव्या डॉक्टरांनी आठवडाभर पुरेल अशी एक लहान बाटली दिली आणि म्हणाले, ह्यापुढं मला देता येणार नाही, तुम्ही साताऱ्याला मोठ्या दवाखान्यात जा. आणि आणखी एक चिठ्ठी दिली.

साताऱ्याला नवरा-बायको गेले. अर्धा दिवस जिन्याखाली बसले. आतल्या कारकुनानं चिठ्ठी वाचून नाक मुरडलं नाही, तो वाईट माणूस नव्हता. त्यानं समजावून सांगितलं. हाड मोडलं तर खाट आहे, ताप असला तर खाट आहे, बाळंतिणीला आहे. ह्याला नाही. ह्याला दोन वाटा. एक, मॅजिस्ट्रेटसमोर वेडा म्हणून ठरवून घ्यायचं आणि पुण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात जायचं. दुसरी, कचेरीत नाव नोंदवून अफूचा परवाना काढायचा, म्हणजे जन्मभर सरकारमान्य. “बरं व्हायची वाट कुटली, साहेब?” असं मदिनाबीनं विचारलं. कारकून कागद चाळत राहिला. चाळून झाल्यावर म्हणाला, तशी काही नोंद नाही बाई. वेडा किंवा अफूबाज, ह्यांतलं काय ते सांगा म्हणजे फॉर्म देतो. तेव्हा इमामच्या मनात तिसरी वाट पहिल्यांदा नीट उघडली. तिला फॉर्म लागत नव्हता. तिथून उठून कोरेगावच्या फलाटावर येईपर्यंत ती इतकी सोपी, इतकी झाडलेली वाटू लागली की तो गाडीची वाट बघता बघता मदिनाला मशीनचं सांगून बसला.

आता तो घाटाच्या पायऱ्यांवर उभा होता. इथं कसा आलो हे त्याला कळलं नाही आणि चांगलंच कळलंही. बाटली काल संपली होती. पाय आपोआप इकडं वळले होते, वळू दिले होते. मे महिन्यातली कृष्णा वाळूत हातपाय आखडून पडली होती. म्हशी पोटापर्यंतसुद्धा भिजत नव्हत्या. मरायला आलेल्या माणसाची नदीनं अशी थट्टा करावी! तरी तो पायऱ्या उतरला. डोक्यात कुणी फार समजूतदारपणे बोलत होतं. हुकूम नव्हता, सल्ला होता. इमाम, दुखणं संपेल, बायकोचा जाच संपेल, म्हाताऱ्याची अपराधी नजर संपेल. ऐकायला सगळं रास्त होतं. इतकं रास्त की त्याला पहिल्यांदा संशय आला.

“आवं इमामभाई!” खालच्या पायरीवर रंगुबाई धुणं आपटत होती. हात कोपरापर्यंत साबणात. “माझ्या लेकीचं पोलकं कवा देताय? लगीन तोंडावर आलंय न्हवं!”

“उद्या,” इमाम म्हणाला.

तोंडातून गेलं. वीस वर्षं तो हेच म्हणत आला होता, प्रत्येक गिऱ्हाइकाला, प्रत्येक कपड्याला. उद्या. टेलरच्या तोंडचा उद्या कुणी खरा धरत नाही, तरी ऐकून घेतल्याशिवाय कुणी जातही नाही.

“उद्याच न्हवं का? लय उद्या झालं तुमचं!”

“उद्या म्हंजी उद्याच,” तो ओरडला. आणि ओरडता ओरडता त्याला इतका संताप आला की कानशिलं तापली. कालपासून पहिल्यांदा अंगात ऊब आली. पोलकं कापलेलं नव्हतं. कात्री कुठल्या शेजारणीच्या फडताळात पडली होती. पायांत गोळे येत होते आणि असल्या पायांनी मशीन चालवून उद्या पोलकं द्यायचं होतं. हा उद्या आणायचा कुठून? त्यानं दिलेला शब्द होता, त्याच्या मालकीचा होता, आणि तो त्याला द्यायला सातारा तयार नाही, पुणं तयार नाही, नियमांचं पुस्तक तयार नाही. पलटणीनं ऊठ म्हटलं, उठला. चौदा दिवस म्हणून सांगितलं नाही, तीन वर्षं प्याला. बंद म्हटलं, बंद. वेडा हो म्हणाले, अफूबाज हो म्हणाले. आता डोक्यातला हा समजूतदार आवाज म्हणतो, मर. सगळ्यांचं ऐकलं, ह्याचंही ऐकायचं? ह्याच्या बाचा काय मी नोकर आहे? तो पायऱ्या चढू लागला. दर पायरीला खुबा ठणकत होता आणि दर पायरीला तो एकेकाला शिवी देत होता, त्यात स्वतःलाही सोडलं नाही.

दवाखान्याच्या ओसरीवर पाचसात माणसं होती. भिंतीलगत लांब बाक, त्याच्या कडेला खोकणारी धोंडुबाई. इमाम तिच्याशेजारी जाऊन बसला. गुंडा खिडकीतून बघून चरकला आणि बाहेर आला.

“इमाम, गड्या, तुला सांगितलंय न्हवं? आता न्हाई मिळायचं. माझी नोकरी जाईल. घरला जा.”

“मिक्श्चर मागाय आलो न्हाई.”

“मग?”

“बरा व्हायला आलोय.” तो मोठ्यानं बोलला. कुजबुजायचं तीन वर्षं झालं होतं. “ऐका समदी. मला मॉर्फियाचा नाद लागलाय. ह्याच दवाखान्यातनं लागला. पट्ट्या ह्या गुंडानं लावल्या, प्यालो मी. आता हितंच सोडवा. तवर मी ह्या बाकावरनं उठत न्हाई.”

बाक भराभर मोकळा झाला. एका बाईनं लेकराला पदराखाली घेतलं, जणू हा नाद शिंकेतून उडतो. धोंडुबाई तेवढी हलली नाही. ती म्हणाली, “जरा सरक की, मला बी पाय पसरू दे,” आणि खोकत राहिली. इमामला वाटलं हिच्या पायांवर डोकं ठेवावं.

नवे डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या कपाळावर घाम होता. “इमामभाई, उठा. इथं खाट नाही. नियम नाही. मला तसा अधिकारच नाही.”

“खाट नगं. बाक हाय.”

“तुम्ही समजून घ्या. हे मी कधी केलेलं नाही. हळूहळू कमी करत आणायचं असतं, रोज बघावं लागतं. पुस्तकात वाचलंय फक्त.”

“मी बी पयल्यांदाच करतोय, साहेब.”

तेवढ्यात मदिनाबी आली. धावत आली होती, पायांत वहाणा नव्हत्या, हाताला पीठ तसंच. आधी घाटावर जाऊन आली असणार, तिच्या परकराची कड ओली होती. तिनं त्याला बाकावर बसलेलं पाहिलं आणि दाराच्या खांबाला धरून दम घेतला. मग येऊन बाकावर त्याच्या दुसऱ्या बाजूला बसली. सासऱ्याच्या वयाच्या माणसांसमोर नवऱ्याशेजारी बाकावर बसायची तिची ही पहिलीच वेळ. कुणी बघतंय का हेही तिनं पाहिलं नाही.

“मी रोज आनीन ह्यास्नी,” ती डॉक्टरांना म्हणाली. “सकाळ-सांज. बाटली माज्यापाशी द्या. थेंब जादा दिला तर मला तुरुंगात घाला.”

डॉक्टर आत गेले. पुस्तक उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ पानांचा. इमामनं बाकाची कड धरून ठेवली. डॉक्टर परत आले ते स्वतःचं स्टूल घेऊन. समोर मांडून बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. आता त्यांच्या हातात पुस्तक नव्हतं. त्यांचा आवाज जरा फाटलेला होता, पण त्यांनी तो खाली आणला नाही.

“इथंच करू. महिनाभर तरी फार हाल होतील. जमेलच असं मी सांगत नाही. वरून विचारलं तर मी बघून घेईन. पण एक खरं सांगा. जीव द्यायचा विचार येतो का?”

साताऱ्याच्या कारकुनानं हे विचारलं नव्हतं. फॉर्मातही तसा रकाना नव्हता. मदिनाबीनं विचारलं नव्हतं, तिनं नुसती कात्री उचलली होती. कुणी विचारलं तर आपण काय म्हणू हे इमामला माहीत नव्हतं.

“येतो,” तो म्हणाला.

“आज आला होता?”

“सकाळधरनं हाय. आता बी हाय. हितं, ह्या बाकावरच बसलाय की, माज्या शेजारी.”

मदिनाबीचा पिठाचा हात त्याच्या मनगटावर येऊन घट्ट बसला. “मग?” डॉक्टर म्हणाले.

“मग काय? बसू दे त्येला,” इमाम म्हणाला. “त्यो बसलाय म्हून मी उठायचं व्हय?”